परत न आणायचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. संघटनेतल्या मित्रांना नाही, बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तोंडानं अजूनही सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय. लिहिणं मला जमतं. अडचण तीच आहे — जे झालं ते माझ्या लिहिण्यातूनच झालं.

मी पत्रकं लिहितो. शिरूर कासारच्या बाजारात शाळा, एसटी पास, शिष्यवृत्ती असल्या कशावर पिवळ्या नाहीतर गुलाबी कागदाचं एखादं पान कधी तुमच्या हातात पडलं असेल, तर ते बहुतेक माझं. तुम्ही ते वाचलं असेल, किंवा त्यात भजी खाल्ली असतील. दोन्हीला माझी हरकत नाही. पण एक पत्रक असं आहे की ते तुम्ही फक्त भज्यांसाठी वापरलं असावं, असं मला फार वाटतं.

पत्रक कसं लिहायचं ते मी बीडला एका शिबिरात शिकलो. मंगल कार्यालयात, सतरंजीवर बसून. शिकवणारे दादा तोडून बोलायचे. व्यवस्था, धोरण, बाजारीकरण असे शब्द लिहिलेस की वाचणारा पान उलटतो, म्हणाले. पत्रकाला तीनच गोष्टी लागतात — एक नाव, एक दृश्य, एक मागणी. नाव नसेल तर ते कुणालाच लागत नाही. दृश्य नसेल तर लक्षात राहत नाही. मागणी नसेल तर ते नुसतं रडगाणं. शिबिरातून निघताना प्रत्येकाला एक पिशवी दिली. पिशवीत एक वही, एक पेन आणि नारिंगी झाकणाची पाण्याची बाटली. बाटलीवर चिकटपट्टी होती, ‘समान शिक्षण’ अशी. ही बाटली लक्षात ठेवा.

दादांनी न शिकवलेली चौथी गोष्ट माझ्याकडे आधीपासूनच होती — संशय. टँकर उशिरा आला, तर तो वाटेत कुणाच्या शेततळ्यावर थांबला असेल हे मी आधी बघायचो. कुणी फुकट काही केलं की त्यामागचं कारण शोधायचो. आमच्याकडे याला हुशारी म्हणतात. मलाही म्हणायचे. मला आवडायचं.

ते वर्ष लागोपाठ दुसऱ्या दुष्काळाचं. गावच्या विहिरीत टँकर ओतायचा आणि आम्ही ते पाणी पुन्हा शेंदून काढायचो. सहकारी संघाच्या दूध केंद्रावरची सकाळची रांग संपली होती, कारण जनावरं चारा छावणीत होती. आणि अशा वर्षात गावात एकच पीक जोरात आलं — शिकवण्यांचे बोर्ड. विजेच्या खांबावर बोर्ड, खताच्या दुकानाच्या बंद शटरवर बोर्ड. आधी ‘आठवी ते दहावी’ होतं, मग ‘पाचवीपासून’ झालं, मग ‘पहिलीपासून’. बियाण्याच्या एका रिकाम्या दुकानात तर बाकडीच टाकली होती. भिंतीवर सरकीच्या वाणांची चित्रं तशीच, आणि खाली पोरं पाढे म्हणतायत. शेतात काही होईना म्हटल्यावर माणसं पोरांमध्ये पेरायला लागली होती. ऊसतोडीला निघालेल्या बाया ट्रॅक्टरमध्ये चढताना सासूला दोनच गोष्टी सांगायच्या — गोळ्या टायमावर घ्या, अन् पोराची शिकवणी बुडू देऊ नका.

चीड येण्यासारखं होतं की नाही? मला आली. ती चीड खरी होती, एवढं मात्र मी आजही सांगेन.

आमच्या भागातल्या हायस्कुलात गणिताचे एक सर होते. सगळे त्यांना मोठे सर म्हणायचे. शिक्षण संस्था ज्या चेअरमनची, सहकारी संघही त्यांचाच आणि चारा छावणीही संघाचीच. मोठे सर चेअरमनचे मेहुणे. सर वर्गात गणित घ्यायचे, फळ्यावर तिसऱ्या पायरीपर्यंत यायचे आणि खडू ठेवायचे. ‘पुढची पायरी साडेपाचला.’ साडेपाचला म्हणजे त्यांच्या घरी, शिकवणीत. पोरं हसायची. विनोदच झाला होता तो. मी एका मुलाची शाळेची वही मिळवली आणि दुसऱ्याची शिकवणीची. एकच तारीख, एकच उदाहरण. एका वहीत ते तिसऱ्या पायरीवर तुटलेलं, दुसऱ्या वहीत उत्तरापर्यंत पुरं. दोन वह्या शेजारी ठेवल्या की पत्रक आपोआप तयार होत होतं. नाव होतं, दृश्य होतं, मागणी होती. मी आजवर लिहिलेलं सगळ्यात चांगलं पत्रक ते.

ते छापलंच नाही.

का? छापायला द्यायचं त्या दिवशी मी छावणीवर वडिलांचा डबा घेऊन गेलो होतो. आमच्या दोन गाई आणि एक कालवड तिथं बांधलेली, वडील तिथंच राहायचे. चाऱ्याच्या काट्यावर संघाचा माणूस होता. माझ्याकडे बघून वडिलांना म्हणाला, “हेच का वो तुमचं लिहिनारं पोरगं?”

“हां, हेच,” वडील म्हणाले. अभिमानानं म्हणाले.

“लई चांगलं. लिहीत राव्हा. तुमची जनावरं कोनत्या दावनीला हायेत? असंच इचारतो.”

वडिलांनी बोट करून दावण दाखवली.

एवढंच. याला धमकी म्हणता येईल का? मी इतकी वर्षं विचार करतोय. कदाचित त्याला खरंच दावण बघायची असेल. पण मी संशयी माणूस. मला जे ऐकायचं होतं तेच मी ऐकलं, आणि घरी येईपर्यंत मोठ्या सरांचं नाव माझ्या डोक्यातून खोडून झालं होतं. स्वतःला सांगितलं — पुरावा अजून पक्का पाहिजे. दोन वह्यांपेक्षा पक्का पुरावा कसला असतो? पण हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही.

पत्रक मात्र द्यायचंच होतं. संघटनेचा शिकवणीविरोधी आठवडा ठरला होता, आमच्या गटाकडून पान यायचं होतं. माझ्याकडे मागणी होती. नाव नव्हतं. दृश्य नव्हतं.

आता सुरेखाताई.

ती माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. गावाच्या कडेला भीमनगर आहे, बौद्धांची वस्ती, तिथली. डी.एड. झालेली, पहिल्या यादीत येईल इतके मार्क, पण भरतीच निघेना. वडील पोस्टातून निवृत्त झालेले, घरापुढे मोठं अंगण. त्या दुष्काळात तिनं अंगणात शिकवणी सुरू केली — ज्यांचे आईबाप उसाच्या फडात गेलेत आणि जी पोरं आजीजवळ मागं राहिलीत, त्यांच्यासाठी. शाळा सुटली की पाचला बसायची, दिवस मावळायच्या आत सोडून द्यायची. फी नाही. गावातल्या सगळ्या आळ्यांतून पोरं यायची. माझी पुतणी राणीही जायची. माझा मोठा भाऊ आणि वहिनी त्या वर्षी पहिल्यांदाच ऊसतोडीला गेले होते, राणी माझ्या आईजवळ होती. चौथीत.

फी नाही — हेच माझ्या डोक्यात बसेना. पारावर लोकही म्हणायचे, “फुकट कामून शिकवती रं? काईतरी आसंलच.” काहीतरी होतंही. पुढच्या हंगामासाठी गावात ऊसतोड मजुरांच्या मुलांचं वसतिगृह निघणार होतं, आणि ते सुरेखाताईकडे द्यावं असं शाळा समितीत बोलणं चाललं होतं. मला कारण सापडलं. बघा, म्हटलं, हिलाही काहीतरी पाहिजेच आहे. जणू पोटापाण्याचं काम हवं असणं हा गुन्हा होता. मला स्वतःला काय पाहिजे होतं ते मात्र मी कधी शोधलं नाही.

एका संध्याकाळी मी भीमनगरच्या रस्त्यानं गेलो. मुद्दाम गेलो. अंगणाच्या बुटक्या भिंतीवर बाटल्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येक पोराची एक. काही दारूच्या धुतलेल्या, काही औषधाच्या, काही थंड पेयाच्या, सगळ्यांत पाणी. शिकवणी सुटली. पोरं एकेक करून उठली, बाटलीतलं उरलेलं पाणी कोपऱ्यातल्या बादलीत ओतलं आणि रिकाम्या बाटल्या घेऊन घरी निघाली. बादलीशेजारी तिची शेळी बांधलेली.

मी वाटेतच थांबलो. टँकरचं पाणी. माणशी मोजून मिळणारं. आणि प्रत्येक लेकरू भरलेली बाटली घेऊन येतंय, रिकामी घेऊन जातंय. दृश्य मिळालं होतं. त्या रात्रीची वाटही बघितली नाही, तिथंच मोबाईलवर पहिलं वाक्य लिहून ठेवलं — ‘फी नको म्हणणाऱ्यांना पाणी चालतं.’

चांगलं वाक्य आहे. म्हणूनच तुम्हाला सांगतोय. वाईट वाक्य असतं तर इतकं नुकसान झालं नसतं.

पत्रक एका बैठकीत झालं. मोठ्या शहरांतून निघालेला शिकवणीचा बाजार आता आपल्या अंगणात आला, आईबाप फडात असताना लेकरांच्या तोंडचं पाणी शिकवणीच्या बादलीत जातं, असल्यांच्या हाती वसतिगृह द्यायचं का — असं सगळं. सुरेखाताईचं पूर्ण नाव आणि वस्तीचं नाव. मोठे सर कुठंच नाहीत. ‘काही शाळांमधील काही शिक्षक’ इतकाच त्यांचा उल्लेख होता. शिरूरला छापायला दिलं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, गैरसमज झाला पोराचा. तरुण रक्त, घाई झाली. माझ्याबद्दल चांगलं बोलायचं असेल तर लोक हेच बोलतील, म्हणून मी ते आधीच बोलून टाकतो. आणि सांगतो की तसं नाही.

गठ्ठा घरी आला त्या दिवशी दुपारी मी ओसरीवर बसून दोऱ्या सोडत होतो. आई रांजणातून पाणी काढून राणीची बाटली भरत होती. नारिंगी झाकण. ‘समान शिक्षण’. मी विचारलं, ही कशाला?

“सुरेखाच्यात न्यायला.”

“फी हाय का पान्याची?”

आई हसली. “आरं येड्या, फी कशाची? ती कशाला मागंल? तिकडचं पानी कसं पेईल लेकरू. घरचं दिलेलं बरं.” आणि राणीकडे वळून, चपला नीट काढ म्हणावं त्याच आवाजात, “उरलं तर तिथंच वतून यी गं. परत घरात आनू नको.”

आईनं हे लपवून सांगितलं नाही. हळू आवाजातही सांगितलं नाही. घरातली रोजची गोष्ट होती ती. गावातल्या सगळ्या आज्यांनी आपापल्या घरी, एकमेकींना न विचारता, हीच गोष्ट ठरवली होती. लेकरांनी सुरेखाकडून अक्षर घ्यावं, पाणी घेऊ नये. आणि तिच्या अंगणात जाऊन आलेलं पाणी पुन्हा आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ नये — दुष्काळ असला तरी. विहिरीवर घागरीसाठी भांडणाऱ्या बाया ते अर्धी बाटली पाणी रोज सोडून देत होत्या.

तर मला कळलं. गठ्ठा माझ्या मांडीवर होता. एकही पान अजून कुणाच्या हातात गेलेलं नव्हतं. चूल पाच पावलांवर होती.

पण हेही पुरं खरं नाही. थांबा — सांगतो. त्या दुपारी मला नवीन काहीच कळलं नाही. बाटली माझी होती. त्या संध्याकाळी भीमनगरच्या भिंतीवर मी ती पहिल्याच नजरेत ओळखली होती. मी शिबिरातून आणलेली बाटली ओळीत तिसरी होती, आणि ती माझ्या घरातून, माझ्या आईनं भरून दिलेली होती, हे मला तेव्हाच माहीत होतं. मग मी घरी येऊन आईला तेव्हाच का विचारलं नाही? जो माणूस टँकरवाल्याला चार प्रश्न विचारतो, त्यानं आईला एक का विचारला नाही?

कारण उत्तर माहीत होतं. आमच्या घरात वाढलेल्या माणसाला ते माहीत नसेल असं होऊच शकत नाही.

आणि त्याच्याही खाली एक गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. आपण छापलेलं खोटं आहे असं कुणीतरी उठून म्हणेल, ही भीती पत्रक लिहिणाऱ्याला नेहमी असते. या पत्रकाची मला ती भीती नव्हती. मी हिशोब केला होता. खोटं आहे म्हणायला गावातल्या कोणत्यातरी घराला उठावं लागलं असतं, आणि मग सांगावं लागलं असतं — बाटली आम्हीच दिली, अमुक कारणासाठी दिली. कोण सांगणार? पारावर जे घरोघर चालतं ते सभेत कुणी बोलत नाही. माझ्या पत्रकाला सगळ्या गावाची साक्ष होती, कारण सगळ्या गावाला गप्प बसायचं होतं. उलट मी त्यांची सोयच केली होती. बाटलीला मी एक चारचौघांत सांगता येईल असं कारण मिळवून दिलं होतं.

मी बाजारच्या दिवशी पत्रकं वाटली. स्वतःच्या हातानं. छावणीवर पण दिली. काट्यावरच्या माणसानं एक वाचून घडी केली, वरच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, “झ्याक लिवलंय रं.” त्या आठवड्यात आमच्या गाईंना चारा कसा मिळाला ते मी बघायला गेलो नाही. नेहमीसारखाच मिळाला असेल.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा झाली. शाळेच्या पटांगणात. मंडप बघायला आलेली पोरं पुढं बसली होती, राणीही. वसतिगृहाचा विषय आला. एकानं पत्रक वर धरलं. सरपंचांनी सुरेखाताईला विचारलं, यावर काय म्हणणं आहे?

ती उठली. हातात कागद नव्हता. मला वाटलं, आता सांगणार. सांगितलं असतं तर पाच मिनिटांत संपलं असतं सगळं — मी, माझं पत्रक, माझी हुशारी. कायदाही तिच्या बाजूनं होता. मी मंडपाच्या खांबाला धरून उभा होतो.

ती पुढं बसलेल्या पोरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बाटल्या कुनी भरून दिल्या, ते त्या त्या घरानं सांगावं. मी न्हाई सांगनार.”

एकही घर उठलं नाही. बायांच्या बाजूला आईनं पदर पुढं ओढला. सरपंचांनी घसा खाकरला आणि पुढचा विषय घेतला, रस्त्याच्या मुरमाचा. वसतिगृहाचं नंतर बघू, असं ठरलं. ते नंतर कधी आलं नाही.

ती का बोलली नाही, हे मी बरेच दिवस संशयानंच बघत होतो. भ्याली असेल. काहीतरी खरं असेलच. मलाच बरं वाटावं म्हणून काय काय रचलं मी. मग एक दिवस राणी परसात भातुकली खेळत होती, तिची मैत्रीण उषा पाहुणी म्हणून आली होती. उषानं खोटंखोटं पाणी मागितलं. राणी मास्तरणीच्या आवाजात म्हणाली, “आपलं पानी आपन आनायचं. दुष्काळात कुनाच्या घरचं पानी संपवायचं न्हाई. अन् उरलं तर शेळीला द्यायचं, तिला कुनी देत न्हाई.”

हे तुला कुणी सांगितलं, मी विचारलं.

“ताईनं. पयल्या दिवशीच.”

म्हणजे पहिल्या दिवशीच तिला कळलं होतं. पोरं बाटल्या घेऊन का आली, ती तिचा माठ का टाळतायत, उरलेलं पाणी का ओततायत. आणि पोरांना कारण कळू नये म्हणून तिनं एक चांगलं कारण तयार करून दिलं होतं. बादली तिनंच ठेवली होती, नाहीतर पोरं ते पाणी तिच्या दारात मातीत ओतत होती. ग्रामसभेत खरं बोलली असती तर पुढं बसलेल्या त्या लेकरांना पहिल्यांदा कळलं असतं की त्यांच्या आज्यांनी बाटल्या कशासाठी दिल्या. ते तिनं होऊ दिलं नाही. स्वतःचं नाव जाऊ दिलं.

मी एक कारण तयार केलं होतं, तिनंही एक तयार केलं होतं. एवढंच म्हणतो. जास्त बोललो तर पुन्हा पत्रक होईल.

शिकवणी बंद झाली. तिनं बंद केली नाही — पोरं येईनाशी झाली. वसतिगृह नाही, शिकवणी नाही, म्हणून पुढच्या हंगामात उषाच्या आईबापांनी तिला बरोबर नेलं. तिच्याबरोबर आणखी काही पोरं गेली. उषा चार महिन्यांनी परतली तेव्हा तिचं नाव पटावर होतं, पण ती मागच्या बाकावर बसायची, आणि पुढच्या वर्षी तिथंही नव्हती. तिची आजी मला रस्त्यात भेटली की अजूनही म्हणते, “तू लई चांगलं लिव्हलं व्हतंस बाबा तवा.” मी मान हलवतो.

आणि राणी? राणी पाचवीत गेल्यावर गणितात मागे पडायला लागली. भाऊ फडातून फोनवर म्हणाला, कुठंतरी लाव तिला. मोठ्या सरांनी तोवर पाचवीपासूनची नवी तुकडी सुरू केली होती, दुकानाच्या वर, पंखे लावून. तिला तिथं मी घेऊन गेलो. माझ्या मोटारसायकलवर, पुढं बसवून. सरांनी माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि खुर्ची दिली. चहा मागवला. मी चहा प्यालो.

हे पत्रक पुढे शिबिरांत नमुना म्हणून वापरलं गेलं. दोनदा मीच शिकवलं. एक नाव, एक दृश्य, एक मागणी — बघा किती नेमकं आहे, पाणी डोळ्यांसमोर उभं राहतं. मी हे बोललो. पुढं बसलेल्या पोरांनी वहीत उतरवून घेतलं.

सुरेखाताई आता गावात नाही. घाटनांदूरकडे बहिणीजवळ राहते, तिथल्या कुठल्याशा बालवाडीत आहे असं ऐकलं. एकदा शिरूरच्या स्टँडवर दिसली. मे महिना, दुपारचा एक. मी तोंड फिरवलं, पण तिनं हाक मारली. नावानं, लहानपणी मारायची तशी. जवळ गेलो. ती म्हणाली, “राणी कितवीला हाय रं आता?”

“आठवीला.”

“गनित जमतंय का?”

जमतंय म्हणालो. उन्हानं माझे ओठ वाळले होते. तिला दिसलं ते. पिशवीतून बाटली काढली, झाकण फिरवलं आणि पुढं केली. साधी बाटली होती, निम्म्याहून जास्त भरलेली, गार पाण्यानं बाहेरून ओली झालेली.

मी म्हणालो, नको ताई, तहान नाही.

तहान होती. तुम्ही म्हणाल, लाज वाटली असेल, तिच्या हातचं घ्यायला तोंड नव्हतं. मीही तेच म्हणतो स्वतःला. पण मी आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतलेला माणूस. इथं एकदा स्वतःवर घेतो. हात मागं आला तो लाजेनं आला, की आईनं राणीला सांगितलं तसं कधीतरी मलाही सांगून ठेवलं होतं म्हणून आला? मला माहीत नाही. तिनं मात्र काहीतरी ओळखलं. झाकण परत लावलं, बाटली पिशवीत ठेवली, आणि तिची गाडी लागली म्हणून गेली.

पाणी फी म्हणून कुणी दिलं नव्हतं. तिनं ते मागितलं नव्हतं. मला माहीत होतं. पत्रकाच्या शेवटी मागणी लागते. इथं नाही.